अंड्यातलं हृदय जिवंत कसं बघायचं, आणि बघून झाल्यावर ‘हृदय पुन्हा उगवलं’ ही बातमी कशी वाचायची

दुकानातलं अंडं आणू नका. ट्रेमधून येणारी पांढरी अंडी ज्या कोंबड्या घालतात त्यांनी आयुष्यात कोंबडा बघितलेला नसतो. तसलं अंडं तीन दिवस काय, तीन आठवडे उबवलं तरी आत फक्त वास तयार होतो. आपल्याला फलित अंडं पाहिजे, आणि तेही कधी घातलंय हे कुणाला तरी नक्की सांगता येईल असं.

मी कोल्हापुरातल्या एका सिनिअर कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये काम करतो. पोरं मामा म्हणतात. थिअरी सर आणि मॅडम शिकवतात; चिक एम्ब्रियोच्या, म्हणजे कोंबडीच्या भ्रूणाच्या, प्रॅक्टिकलला अंडी जमवण्यापासून कवचाला खिडकी पाडण्यापर्यंतचं सगळं माझ्याकडं. एरवी तयार स्लाइडवर काम भागतं. १८, २४, ३३, ४८, ७२ तास अशा रंगवलेल्या स्लाइडांचा डबा प्रत्येक कॉलेजात असतो. पोरं आकृती काढतात, नावं देतात, जर्नलवर सही होते. पण स्लाइडमधलं हृदय गप्प असतं. ते हलताना बघितल्याशिवाय हृदयाची भानगड कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ती कळल्याशिवाय हार्ट अटॅकनंतर हृदय पुन्हा उगवण्याच्या बातम्यांतलं खरं-खोटंही कळत नाही.

अंड्यांसाठी हॅचरीवाल्याची ओळख असली तर बरंच. नसली तर पोरांनाच विचारायचं. आमच्याकडं निम्मी पोरं पन्हाळा, कागल, राधानगरी, करवीरच्या खेड्यांतली. कुणाच्या तरी परड्यात एक कोंबडा आणि चार-पाच कोंबड्या असतातच. त्या घरच्या मावशींना निरोप द्यायचा: अंडं रोजच्या रोज उचला, धुऊ नका, घाण लागली असली तर कोरड्या फडक्यानं पुसा, वर पेन्सिलीनं तारीख घाला. पेन नको, कवचाला बारीक छिद्रं असतात, शाई आत जाते. बाजारातली गावठी अंडी घेतली तर ती कालची की पंधरा दिवसांपूर्वीची हे विकणारीलाही माहीत नसतं. शिवाय एखाद्यावर कोंबडी दोन दिवस बसून उठलेली असते, मग आपलं तासांचं गणित कोलमडतं.

जमलेली अंडी घरात थंड कोपऱ्यात ठेवायची, १५ ते १८ अंश मिळाले तर उत्तम, आणि आठवड्याच्या आत वापरायची. फ्रिजमध्ये नको. मे महिन्यात मात्र हा खटाटोप करूच नका. खोलीतलं तापमान पंचविशीच्या वर गेलं की आतला जीव अर्धवट जागा होतो. दुपारी वाढतो, पहाटे थांबतो, आणि उबवायच्या पेटीत ठेवण्याआधीच बिघडतो. पावसाळा सुरू झाला की हे काम सोपं. फक्त तेव्हा लाईट जाते. अंडी गाडीवरून आणली असतील तर रुंद टोक वर करून काही तास नुसती ठेवा, मग पेटीत घाला.

पेटी विकत घ्यायची गरज नाही. थर्माकोलचा मोठा डबा, जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब, डिजिटल थर्मोस्टॅट आणि पाण्याची एक वाटी. एलईडी बल्ब लावून “मामा, गरमच होत नाही” म्हणणारी पोरं दरवर्षी भेटतात. एलईडी पुरेशी ऊब देत नाही, म्हणूनच तर त्याचं बिल कमी येतं. तापमान ३७.५ ते ३८ अंश. थर्मामीटर अंड्याच्या उंचीवर ठेवायचा, डब्याच्या झाकणाला चिकटवायचा नाही. लाईट गेली तर गरम पाण्याच्या दोन बाटल्या आत ठेवून झाकण बंद करा आणि सारखं उघडून बघू नका.

अंडी आडवी ठेवायची. भ्रूण बलकाच्या ज्या भागावर असतो तो भाग हलका असल्यानं अंडं कसंही ठेवलं तरी तो फिरून वर येतो. आडवं ठेवून वरच्या बाजूला पेन्सिलीनं फुली मारली की खिडकी कुठं पाडायची ते ठरलं. पिल्लं काढायची असतील तर अंडी फिरवावी लागतात. आपल्याला तीन दिवसांपुरतंच बघायचंय, त्यामुळं हात लावू नका.

आता तासांचं गणित. थंड अंडं गरम व्हायला तीन-चार तास जातात, ते वरचे धरा. बुधवारी सकाळी अकराला ४८ तासांचा भ्रूण पाहिजे तर सोमवारी सकाळी सात-आठला अंडी पेटीत. सगळी एकदम ठेवू नका. निम्मी ४८ तासांची, थोडी ३६ची, थोडी ७२ची होतील अशी तीन हप्त्यांत ठेवा. आणि तासांवर फार विसंबूही नका. एकाच कोंबडीची, एकाच वेळी ठेवलेली दोन अंडी मागं-पुढं असतात. म्हणून जगभर तासांऐवजी टप्पे मोजतात: हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या दोघांनी १९५१ मध्ये पिल्लाच्या वाढीचे ४६ टप्पे लावून दिले, ते आजही चालतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना चौकोनी गाठींच्या जोड्या दिसतात, सोमाइट म्हणतात त्यांना. त्या मोजा. दहा जोड्या म्हणजे दहावा टप्पा, आणि साधारण तिथंच हृदय पहिल्यांदा हलतं.

खिडकी पाडायची ती अशी. अंडं हलक्या हातानं काढून फुली वर ठेवूनच अंड्याच्या कागदी ट्रेच्या तुकड्यात बसवा. स्पिरिटनं पुसा. १८ नंबरची सुई आणि पाच मिलीची सिरिंज घ्या. टोकाकडच्या कवचाला बारीक भोक पाडून सुई खालच्या दिशेनं झुकवा आणि दोन ते तीन मिली पांढरं ओढून घ्या. हे केलं नाही तर भ्रूण वरच्या कवचाला टेकलेलाच राहतो आणि कात्री थेट त्याच्यावरून जाते. सिरिंजमध्ये पिवळं आलं तर बलक फुटला, ते अंडं बाजूला. भोकावर चिकटपट्टी लावा. मग फुलीच्या जागेवर पारदर्शक चिकटपट्टी लावून घ्या, म्हणजे कवचाचे तुकडे आत पडत नाहीत, आणि बारीक टोकाच्या कात्रीनं दोन सेंटीमीटरची लांबट खिडकी कापा. कात्रीचं टोक कवचाला समांतर, वर उचललेलं. घाई नको.

३६ तासांच्या अंड्यात बघणाऱ्याला पहिल्यांदा काहीच दिसत नाही. भ्रूण पारदर्शक आणि खाली पिवळा बलक. इथं काळ्या इंडिया इंकचा उपयोग: सलाइनमध्ये दहापट पातळ करून, वाकवलेल्या बारीक सुईनं भ्रूणापासून लांब, त्याच्याभोवतीच्या चकतीच्या कडेबाहेरून शिरायचं आणि भ्रूणाच्या खाली थेंबभर सोडायचं. काळ्या पार्श्वभूमीवर एकदम सगळं उठून येतं. लाख मिसळलेली शाई घेऊ नका, ती बाधते. सलाइनसाठी मेडिकलमधली ०.९ टक्क्यांची बाटली चालते. घरी करायचं तर लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ७.२ ग्रॅम मीठ. वापरताना ३८ अंशाला गरम पाहिजे.

वर्ग मोठा असेल तर खिडकीपेक्षा कागदाची कडी बरी. फिल्टर पेपरची कडी कापायची, मधलं भोक दोन सेंटीमीटरचं. अंडं गरम सलाइनच्या वाडग्यात अलगद फोडायचं, भ्रूण वर आला की कडी अशी ठेवायची की तो बरोबर भोकात येईल. कागद बलकावरच्या पडद्याला चिकटतो. कडीच्या बाहेरून कात्रीनं गोल कापत जायचं आणि चिमट्यानं कडीसकट उचलून वॉच ग्लासमध्ये गरम सलाइनमध्ये ठेवायचं. आता ही कडी उलटी करा. हृदय पोटाच्या बाजूला असतं, त्यामुळं उलटं केल्यावर ते समोर येतं. पण ध्यानात ठेवा, उलटं केल्यावर भ्रूणाचा उजवा तुमच्या डावीकडं येतो. तोंडी परीक्षेत निम्मी पोरं इथंच पडतात.

काय बघायचं? ३६ तासांना हृदय म्हणजे एक साधी नळी. आधी डावी-उजवीकडं दोन नळ्या असतात, त्या मध्यरेषेवर येऊन जुळतात. ही नळी उजवीकडं फुगायला लागलेली असते. एक मिनिट डोळा काढू नका. एखादा झटका, मग काहीच नाही, मग दोन झटके. अजून रक्त फिरत नसतं, आत पाण्यासारखा द्रव असतो आणि तरी ती नळी आकसते. पंप आधी सुरू होतो, पाणी नंतर येतं. ४५ तासांच्या आसपास अभिसरण सुरू होतं. ४८ तासांना नळी चांगली वाकलेली दिसते आणि भ्रूणानं मान वळवून डावी कुशी खाली घातलेली असते. ७२ तासांच्या अंड्याची खिडकी उघडली की मायक्रोस्कोपची गरजच नाही: बलकावर लाल जाळं, आणि मधोमध लाल ठिपका उड्या मारतोय. ॲरिस्टॉटलनं दोन हजार वर्षांपूर्वी अंडी फोडून हाच ठिपका बघितला होता.

मायक्रोस्कोपखाली ठोका कुठून सुरू होतो ते शोधा. हलायला सगळ्यात आधी लागतो तो जवनिकेचा, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचा भाग. मग त्याच्या मागचा अलिंदाचा, म्हणजे रक्त आत घेणाऱ्या कप्प्याचा भाग जुळतो, त्याची लय जास्त वेगाची, म्हणून तो पुढारी होतो. त्याच्याही मागं सायनस, म्हणजे शिरांचं रक्त जमा होणारा कप्पा, तयार होतो, तो आणखी वेगाचा; पुढं तो उजव्या अलिंदातच मिसळतो. मग सगळे त्याच्या तालावर. आपल्या हृदयातला पेसमेकर उजव्या अलिंदातच का, याचं उत्तर या क्रमात आहे.

मग तापमानाचा खेळ करा. पंधरा सेकंदांचे ठोके मोजून चारानं गुणा. खोलीच्या तापमानाचं सलाइन थेंब-थेंब टाका, ठोके मंदावतात. ३८ अंशाचं टाका, पुन्हा धावायला लागतात. मज्जातंतू अजून हृदयापर्यंत पोचलेले नसतात, म्हणजे बाहेरून कुणी हुकूम देत नाही, पेशींनाच कळतं. याच पेशी सुट्या करून काचेच्या बशीत वाढवल्या तर एकेकटी वेगवेगळी धडकते, आणि दोघी एकमेकींना चिकटल्या की एका तालात येतात.

या अंड्यानं हृदयरोगाच्या शास्त्राला बरंच दिलंय. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीची दोन भागांत वाटणी व्हायला मानेकडून चालत आलेल्या पेशी लागतात, हे मार्गारेट कर्बी यांनी १९८३ मध्ये कोंबडीच्या भ्रूणातच दाखवलं. त्या पेशी काढल्या की वाटणी होत नाही. लहान बाळांच्या काही जन्मजात दोषांचं मूळ तिथं सापडलं. दुसरीकडं याच अंड्यानं शास्त्रज्ञांना फसवलंही. अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ मध्ये पिल्लाच्या हृदयाचा तुकडा काचेत वाढवायला घेतला, आणि तो ३४ वर्षं जिवंत ठेवल्याचा गाजावाजा झाला. पेशी अमर आहेत असं जगानं मानलं. पुढं १९६१ मध्ये हेफ्लिक यांनी साध्या पेशींना विभाजनाची मर्यादा असते हे दाखवलं. शिवाय कॅरेलच्या काचेत शेवटी धडकणाऱ्या स्नायूपेशी नव्हत्याच, जोडऊती होती.

हे सगळं बघून झालं की बातम्यांकडं वळा. आमच्या गल्लीतल्या तालमीचे वस्ताद. मागं अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झाली. एकदा मोबाईल पुढं करून म्हणाले, “काय रं, हे बघ, हृदय परत उगवतंय म्हणं. तुझ्या त्या अंड्यातल्यासारखं आमच्यात का उगवत न्हाई?” प्रश्न एकदम बरोबर आहे. अंड्यातल्या नळीत धडकणारी पेशी धडकता धडकता विभागतेही. आपल्यात जन्मानंतर लवकरच ती विभागणं जवळपास सोडून देते आणि नुसती आकारानं वाढते. अटॅकमध्ये रक्त तुटलं की काही तासांत कोट्यवधी स्नायूपेशी मरतात आणि त्या जागी व्रण भरतो. व्रण फाटत नाही, पण आकसतही नाही. अँजिओप्लास्टी नळी उघडते, मेलेला स्नायू परत आणत नाही. “वस्ताद, म्हणून तर वेळेला महत्त्व,” एवढंच मी म्हणालो. तांबडा-पांढरा जास्त झाला, पित्त असेल, म्हणून छाती दाबून सोडा पीत बसणारी माणसं आपल्याकडं कमी नाहीत. छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं असं काही असेल तर आधी १०८ लावा.

बातमी वाचताना पहिला प्रश्न: प्राणी कुठला? झेब्राफिश असेल तर नवल नाही. अॅक्वेरियमच्या दुकानात मिळणारा हा पट्ट्यापट्ट्यांचा मासा आपल्याच उपखंडातला. केनेथ पॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्याच्या जवनिकेचा साधारण २० टक्के भाग कापला आणि दोन महिन्यांत तो भरून आला. नंतर २०१० मध्ये कळलं की नवा स्नायू कुठल्या गुप्त मूलपेशींतून (स्टेम सेल) नाही, तर शेजारच्याच स्नायूपेशी आपली आतली बांधणी सैल करून पुन्हा विभागल्यानं आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशावर काम चालतं. पण सगळ्या माशांना हे येतं असं नाही. मेडाका नावाच्या माशाला येत नाही. (आणि हो, दुकानातला झेब्रा आणून घरी असलं काही करू नका. त्याला परवानगी आणि भूल दोन्ही लागतात.)

दुसरा प्रश्न वयाचा. उंदराचं म्हटलं असेल तर किती दिवसांचा? २०११ मध्ये टेक्ससच्या गटानं दाखवलं की जन्मल्यावर पहिल्या दिवशी हृदयाचं टोक कापलं तर उंदराचं पिल्लू तीन आठवड्यांत ते भरून काढतं. सातव्या दिवशी कापलं तर नाही, व्रणच होतो. मथळ्यात फक्त ‘उंदीर’ असतो, वय आतल्या परिच्छेदात सापडतं, सापडलं तर. तिसरं, इजा कशी केली ते बघा. टोक स्वच्छ कापणं वेगळं आणि धमनी बांधून अटॅकसारखा मेलेला भाग तयार करणं वेगळं. माशातसुद्धा हृदय गोठवून इजा केली तर आधी व्रण होतो आणि भरायला बराच जास्त वेळ लागतो.

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड: नव्या पेशी खरंच नव्या आहेत का, आणि कुठून आल्या? प्रौढ हृदयात मूलपेशींचा साठा आहे असा एका प्रयोगशाळेचा दावा बरीच वर्षं चालला, त्यावर रुग्णांवर चाचण्याही झाल्या. २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि त्यांच्याशी संलग्न रुग्णालयानं त्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागं घ्यावेत असं सांगितलं. म्हणून “स्टेम सेलचं इंजेक्शन, खात्रीशीर” असं कुणी पैसे मागून सांगत असेल तर तिथून उठा आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारा.

पण माणसाच्या हृदयात काहीच नवं होत नाही, हेही खरं नाही. ते मोजलं कसं, तर अणुबॉम्बनं. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या चाचण्यांनी हवेत कार्बन-१४ वाढला, १९६३च्या चाचणीबंदी करारानंतर तो उतरत गेला. पेशीच्या डीएनएत तो किती आहे यावरून पेशी कधी जन्मली ते कळतं. स्वीडनच्या फ्रिसेन यांच्या गटानं २००९ मध्ये यावरून काढलं की पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का स्नायूपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे दार बंद नाही, किलकिलं आहे. आता संशोधन चाललंय ते या एक टक्क्याचे जास्त कसे करता येतील यावर. आणि पेशींना विभागायला लावताना हृदयाचा ताल बिघडू नये, गाठ होऊ नये, हे त्यातलं अवघड.

प्रॅक्टिकल संपल्यावरचं थोडं. ७२ तासांच्या पुढं अंडी वाढवू नका. कॉलेजची जी नैतिक समिती असेल तिला आधीच विचारून ठेवा. आपल्याकडं जैन आणि माळकरी घरांतली पोरं असतात, त्यांना बळजबरी नको. ती शेजाऱ्याच्या मायक्रोस्कोपवरून मोबाईलवर काढलेला व्हिडिओ बघून ठोके मोजतात, मार्क तेवढेच. उघडलेली अंडी लगेच बर्फात, मग फ्रीझरमध्ये, दुसऱ्या दिवशी झाडाच्या बुंध्याशी खड्डा करून पुरा; कचऱ्याच्या बादलीत टाकलीत तर कॉलेजची कुत्री पसारा करतील.

खिडकीतून नुसता पांढरा ठिपका दिसला तर ते अंडं फळलंच नव्हतं. रक्ताचं कडं आहे पण मधे भ्रूण नाही, असं दिसलं तर तो मध्येच मेला, बहुधा पेटीचं तापमान चढलं होतं. आणि कात्री-चिमटे लगेच गार पाण्यात घाला. गरम पाण्यानं धुतलं की पांढरं सांध्यात शिजून बसतं आणि पुढच्या बॅचला कात्री उघडत नाही.